बुद्धिबळाचं पुस्तक निवडताना आधी मधलं पान उघडा

चाली लिहिता-वाचता येतात आणि घरात पट आहे, असं धरून चालतो.

१. आपलं खरं रेटिंग (खेळाची ताकद सांगणारा आकडा) धरा. मोबाईलवरच्या ब्लिट्झचं, म्हणजे काही मिनिटांत उरकणाऱ्या डावांचं नको, स्पर्धेतलं किंवा निदान रॅपिडचं, म्हणजे जरा जास्त वेळाच्या डावांचं.

२. ओपनिंगची, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या चालींची, पुस्तकं कपाटातच राहू द्या. १५०० रेटिंगच्या खालचे बहुतेक डाव ओपनिंगपायी जात नाहीत, फुकट दिलेल्या घोड्यापायी जातात.

३. आता पुस्तक पारखा. मलाही हीच पायरी सगळ्यात जड गेली, कारण सल्ले भरमसाट मिळतात. कोणालाही विचारा, निम्झोविचचं ‘माय सिस्टीम’ सांगतील. १९२५ पासूनचं थोर पुस्तक आहे, वाद नाही. पण ज्याचा उंट दर दुसऱ्या डावात फुकट पडतो, त्याने प्रतिस्पर्ध्याचे बेत आधीच हाणून पाडण्याची कला शिकून काय करायचं? डावाच्या शेवटच्या टप्प्यावरचं (एंडगेम) द्वोरेत्स्कीचं ‘एंडगेम मॅन्युअल’ तर आणखी जड. आणि मुखपृष्ठावर ‘नवशिक्यापासून मास्टरपर्यंत सर्वांसाठी’ असं छापलेलं दिसलं, तर मी पुस्तक जागच्या जागी ठेवतो.

पहिलं प्रकरण वाचून ठरवू नका, ते सगळ्यांचंच सोपं असतं. मधलं पान उघडा. कोड्यांचं पुस्तक असेल तर सलग दहा आकृत्या घ्या, उत्तरं झाका, चाली वहीत लिहा. सहा-सात बरोबर आल्या तर पुस्तक तुमचं. नऊ-दहा आल्या तर ती नुसती करमणूक. तीन-चारच आल्या तर सध्या नको. पहिली चाल जुळली म्हणून गुण द्यायचा नाही. उत्तरातल्या मुख्य चाली शेवटपर्यंत दिसल्या असतील तरच.

डावांचं पुस्तक असेल तर एक डाव पटावर लावा. टिपांतल्या उपचाली (डावात न खेळलेल्या पर्यायी चाली) बघताना मूळ स्थिती वारंवार हरवत असेल, तर ते जड आहे. हजार-बाराशेच्या खेळाडूला मी चेर्नेव्हचं ‘लॉजिकल चेस’ देतो: ३३ डाव, आणि चालीगणिक शब्दांत कारण. जुनी प्रत स्वस्तात मिळाली तर आधी चाली बघा; ‘पी-के४’ अशा जुन्या पद्धतीने लिहिल्या असतील तर नवी आवृत्ती घ्या.

४. एंडगेमसाठी सिलमनचा ‘कम्प्लीट एंडगेम कोर्स’. भाग रेटिंगनुसारच आहेत, आपला भाग झाला की थांबा.

५. एका वेळी एकच पुस्तक. रेटिंग शंभर-दीडशेने वर सरकलं की तिसरी पायरी पुन्हा करा.