'ॲव्हेंजर्स' बघून इंग्रजी शिकायचं, पण थॉरकडून नको

सुपरहिरोंच्या सिनेमातून इंग्रजी शिकायचं तर २०१२चा 'द ॲव्हेंजर्स' घ्या. त्यात एकाच टेबलाभोवती तीन तऱ्हांची इंग्रजी बसते: कंपनीमालक टोनी स्टार्कची (म्हणजे आयर्न मॅनची) आजची, टोमणेबाज अमेरिकन; १९४५ साली बर्फात गोठून आपल्या काळात जाग्या झालेल्या स्टीव्ह रॉजर्सची (म्हणजे कॅप्टन अमेरिकाची) जुन्या वळणाची; आणि विजांचा देव असलेल्या थॉरची, थेट पोथीतली. कोणाच्या तोंडचं उचलायचं हे कळलं की अर्धं काम झालं.

अख्खी १४३ मिनिटं सबटायटल लावून बघू नका. डोळे वाचत राहतात आणि कान सुट्टीवर जातात. दोन-तीन मिनिटांचे चार प्रसंग निवडा, तेही बोलाचालीचे. मारामारीत स्फोट जास्त, वाक्यं कमी. आधी ऑडिओ इंग्रजी आहे ना बघा, बऱ्याचदा हिंदी डबिंग आपोआप लागलेलं असतं. पहिल्यांदा सबटायटलशिवाय ऐका. दुसऱ्यांदा वाक्यागणिक थांबवत, ऐकू येईल ते वहीत लिहा. न कळलेल्या जागी रेघ ओढा. मग इंग्रजी सबटायटल लावून रेघा भरा. मराठी-हिंदी सबटायटल इथे नको. जिथे रेघ पडली तोच तुमचा त्या दिवसाचा धडा.

रेघा कुठे पडतात? खलनायक लोकी म्हणतो, 'आय हॅव ॲन आर्मी.' कानावर पडतं 'अनार्मी', आणि वहीत उतरतं 'आय हॅव आर्मी'. मराठीत 'माझ्याकडे सैन्य आहे' एवढंच पुरतं, म्हणून तो 'ॲन' आपल्याला ऐकूच येत नाही. स्टार्कचं उत्तर: 'वी हॅव अ हल्क.' हल्क हा त्यांच्यातलाच हिरवा, राक्षसी ताकदीचा गडी, आणि माणसाच्या नावाआधी एरवी 'अ' लागत नाही. इथे मुद्दाम लावलाय, जणू हल्क म्हणजे गोदामातली एखादी तोफ. विनोद त्या एका अक्षरात आहे.

आता स्टार्क रॉजर्सला जे ऐकवतो ते बघा. 'यू माइट हॅव मिस्ड अ कपल थिंग्ज', आणि पुढे 'डूइंग टाइम ॲज अ कॅप्सिकल'. 'माइट हॅव मिस्ड' म्हणजे 'हुकल्या असतील'. बोलताना त्याचं 'माइटव मिस्ड' होतं, तीन सुटे शब्द शोधत बसाल तर सापडणार नाहीत. 'अ कपल थिंग्ज' हे बोलीतलं, परीक्षेत 'अ कपल ऑफ थिंग्ज' लिहा. 'डूइंग टाइम' म्हणजे वेळ घालवणं नव्हे, तुरुंगात शिक्षा भोगणं, आपल्याकडचं 'खडी फोडणं'. राहिला कॅप्सिकल: आइसकँडीला अमेरिकेत पॉप्सिकल म्हणतात, त्यात 'कॅप्टन'मधला 'कॅप' घातला. हा शब्द पाठ करू नका, त्या सिनेमाबाहेर त्याला किंमत नाही. 'डूइंग टाइम' मात्र जन्मभर उपयोगी पडेल. स्टार्कची बहुतेक टोपणनावं अशीच वापरून फेकायची.

उडत्या माकडांचा उल्लेख येतो तेव्हा थॉर म्हणतो, 'आय डू नॉट अंडरस्टँड.' रॉजर्स लगेच, 'आय डू!' नुसतं 'डू'. अख्खं क्रियापद परत म्हणायची गरज नाही, ही सवय आपल्याला लावून घ्यावी लागते. माकडं १९३९च्या 'द विझर्ड ऑफ ऑझ'मधली, म्हणजे त्याच्या काळातली. म्हणून तर गडी एवढा खूश होतो. थॉरने 'डोन्ट' न म्हणता 'डू नॉट' सोडवून म्हटलंय हेही टिपा. मित्रांशी असं बोललात तर भांडायला आलाय असं वाटेल.

स्टार्क थॉरची नक्कल करतो: 'डथ मदर नो यू वेअरेथ हर ड्रेप्स?' 'ड्रेप्स' म्हणजे पडदे. हा टोमणा थॉरच्या पाठीवर लोंबणाऱ्या केपला. 'डथ' म्हणजे जुनं 'डझ', ते ठीक. पण 'एथ' हा प्रत्यय 'ही', 'शी'साठी, आजच्या 'वेअर्स'मधल्या 'स'च्या जागचा. 'यू'ला तो लागतच नाही. स्टार्कचं जुनं इंग्रजी ठार चुकीचं आहे, आणि गंमत त्यातच आहे.

शेवटी तुम्ही निवडलेल्या प्रसंगातली पाच वाक्यं पात्राच्या मागोमाग, त्याच वेगाने म्हणा आणि मोबाइलवर रेकॉर्ड करा. जीभ अडखळली तर वेग ०.७५ करा, त्याहून कमी नको; शब्द तुटतात आणि 'अनार्मी'चं पुन्हा 'ॲन आर्मी' होतं. एका प्रसंगाला चार-पाच दिवस, रोज वीस मिनिटं. नोकरीची मुलाखत जवळ आली असेल तर रॉजर्सची वाक्यं घ्या. स्टार्कसारखं बोलायला आधी स्वतःची कंपनी लागते.