पावसाळ्यात जुनी स्पोर्ट्स कार चालू होत नसेल तर

आधी बॅटरी. इंजिन बंद असताना १२.६ व्होल्ट हवेत. सेल्फ मारताना ९.६ च्या खाली गेले तर बॅटरी बसलीय किंवा टर्मिनलवर हिरवट थर साचलाय. निगेटिव्ह वायर आधी काढा, मग खायच्या सोड्याच्या पाण्याने घासा.

सेल्फ जोरात फिरतोय, तरी इंजिन पकडत नाही? वाशी-ऐरोलीच्या खाडीकाठच्या दमट हवेत डिस्ट्रिब्युटर कॅप (स्पार्क प्लगना करंट वाटणाऱ्या भागाचं झाकण) आतून ओल धरते, करंट प्लगपर्यंत पोचतच नाही. कॅप कोरड्या फडक्याने पुसा. आत पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी रेघ दिसली तर पुसत बसू नका, कॅपच बदला.

मग प्लग काढून बघा. पेट्रोलने ओला निघाला तर तो परत बसवा, चोक (थंड इंजिनाला जास्त पेट्रोल देणारी कळ) ऑफ करून अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा आणि सेल्फ मारा, पंपिंग नको. कोरडा निघाला तर पेट्रोल येत नाही: फिल्टर आणि रबरी पाइप बघा.