एकाच पातेल्यात कोळंबीचा पास्ता
कोळंबी सोलल्यावर तिची कवचे टाकून देऊ नयेत. ती चमचाभर तेलात लालसर परतून, पाऊण लिटर पाण्यात दहा मिनिटे उकळावीत आणि गाळलेल्या त्याच पाण्यात ठेचलेला लसूण, चिरलेला टोमॅटो व 200 ग्रॅम पास्ता शिजवावा, म्हणजे पास्त्याचा स्टार्च पातेल्यातच राहून रस्सा आपोआप दाट होतो. तळाला लागू नये म्हणून मधूनमधून ढवळावे. कोळंबी मात्र अगदी शेवटी, पास्ता शिजायला तीनच मिनिटे उरली असताना घालावी; ती गुलाबी होऊन विळ्यासारखी वाकली की गॅस बंद करावा, कारण तिचे पुरते वेटोळे झाले की ती रबरासारखी चिवट लागते. चीज नसले तरी अडत नाही (इटलीतही मासळीच्या पास्त्यावर ते सहसा घालत नाहीत).