सिलिकॉन फोटोमल्टिप्लायरने रेडिएशन मोजताय? या चुका टाळा

बोर्ड जोडला, व्होल्टेज दिलं, काउंट धडाधड वाढले की नवशिक्याला वाटतं, रेडिएशन सापडलं. बहुतेक वेळा सापडलेला असतो खोलीतला उजेड. रेडिएशन क्रिस्टलवर आदळलं की त्यात प्रकाश चमकतो आणि हा सेन्सर त्या प्रकाशाचा एकेक कण, म्हणजे फोटॉन, टिपतो. तो क्रिस्टलमधून आला की खिडकीतून, याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही.

एका विद्यार्थ्याने त्याचा डिटेक्टर दाखवायला आणला होता. दिवसा काउंट जास्त, रात्री कमी. पठ्ठ्याने त्यावरून वैश्विक किरणांची थिअरीही रचून ठेवली होती. डबी काळी, झाकणाच्या फटीवर टेपचे थर. टॉर्च घेऊन डबीभोवती फिरवला. झाकणापाशी काही नाही, पण मागच्या बाजूला नेताच काउंट उसळले. सेन्सरचा पीसीबी (सर्किट बोर्ड) हीच डबीची मागची भिंत होती! तांबं नसलेला फायबरग्लास बोर्ड उजेडासमोर धरून बघा, आरपार उजेड दिसतो. मागे काळी टेप चिकटवली आणि थिअरी निकालात निघाली.

तेव्हापासून कुठलाही डिटेक्टर हातात आला की किरणोत्सर्गी सोर्स बाजूला ठेवून खोलीतला दिवा चालू-बंद करून बघतो. काउंट हलले तर स्पेक्ट्रमकडे, म्हणजे ऊर्जेनुसार काउंटच्या आलेखाकडे, बघायचंच नाही. बोर्डावरचा पॉवरचा एलईडीही काढून टाकतो. आणि सप्लायला करंट लिमिट हवीच, कारण उजेडात सेन्सरमधून फार करंट वाहतो आणि झाकण उघडं ठेवून व्होल्टेज देणारे महाभाग भेटतातच.

दुसरं दुखणं तापमानाचं. ब्रेकडाउन व्होल्टेज, म्हणजे ज्याच्या वर गेल्यावर सेन्सर एकेका फोटॉनची मोठी पल्स करतो ते व्होल्टेज, तापमानाबरोबर वर सरकतं. काही सेन्सरमध्ये अंशामागे सुमारे ५४ मिलिव्होल्ट. आकडा किरकोळ वाटतो, पण गेन (एका फोटॉनमागे पल्स किती मोठी होते ते) ठरतो तो ब्रेकडाउनच्या वर दिलेल्या दोन-चार व्होल्टवर. हे वरचं व्होल्टेज, म्हणजे ओव्हरव्होल्टेज, ३ व्होल्ट असेल आणि डबी १० अंशांनी तापली, तर त्यातला अर्ध्या व्होल्टहून जास्त गेला, म्हणजे गेन १८ टक्क्यांनी घसरला. किरणोत्सर्गी सिझियम-१३७चा ६६२ केईव्हीचा (केईव्ही हे ऊर्जेचं एकक) पीक, म्हणजे स्पेक्ट्रममधला उंचवटा, ५४०च्या आसपास दिसणार, क्रिस्टलचा प्रकाश आणि सेन्सरची फोटॉन पकडण्याची क्षमता कमी झाली तर आणखी खाली. मग लोक सॉफ्टवेअरमध्ये पीक ओढून-ताणून जागेवर बसवतात. मला हा प्रकार अजिबात पटत नाही. सेन्सरला खेटून तापमान मोजणारा थर्मिस्टर लावा, त्यानुसार बायस (सेन्सरला दिलेलं व्होल्टेज) बदला. तेवढी खटपट नको असेल तर निदान सर्किट चालू करून तापमान स्थिर होईपर्यंत थांबा. पण थांबायला सांगितलं की चेहरे पडतात.

क्रिस्टलशिवाय नुसत्या सेन्सरने गॅमा मोजायचा शॉर्टकट सोडून द्या. संवेदनशील थर काही मायक्रॉनचा. त्यात एखादा कण धडकलाच तरी त्या सेलची (सेन्सरमधल्या एका बारीक घराची) पल्स डार्क काउंटच्या, म्हणजे अंधारातही सेन्सर आपोआप देतो त्या, पल्ससारखीच दिसते. डार्क काउंट खोलीच्या तापमानाला दर चौरस मिलिमीटरमागे सेकंदाला हजारोंनी येतात, म्हणून थ्रेशोल्डही (पल्स मोजायची किमान उंची) एका फोटॉनच्या पातळीवर ठेवू नका. फारच कमी प्रकाशाचे सिग्नल हवे असतील तर एकाच क्रिस्टलवर दोन सेन्सर लावून कोइन्सिडन्स घ्या, म्हणजे दोघांत एकाच वेळी आलेल्या पल्सच मोजा.

क्रिस्टल आणि सेन्सरमधल्या ऑप्टिकल ग्रीसमध्ये बुडबुडा राहू देऊ नका. क्रिस्टलला टेफ्लॉन टेप सेन्सरची बाजू सोडून सगळीकडे, दोन-तीन थर. सोडियम आयोडाइडच्या क्रिस्टलचं सीलबंद कवच उघडू नका, तो क्रिस्टल हवेतली ओल शोषून खराब होतो. लायसो क्रिस्टल असेल तर सोर्स नसतानाही काउंट येणारच; त्यातलं ल्युटेशियम-१७६ स्वतःच किरणोत्सर्गी आहे. त्याचे २०२ आणि ३०७ केईव्हीचे गॅमा बघून ‘घरात काहीतरी आहे’ म्हणून घाबरू नका.