वर्षानुवर्षे उभी असलेली कॉन्टेसा विकत घेण्यापूर्वी

बडोद्यात दांडिया बाजार किंवा रावपुऱ्यातील एखाद्या जुन्या वाड्याच्या आवारात ताडपत्रीखाली झाकलेली कॉन्टेसा अजूनही अधूनमधून नजरेस पडते. हिंदुस्तान मोटर्सने 1984 साली बाजारात आणलेली ही गाडी व्हॉक्सहॉल व्हिक्टर या ब्रिटिश गाडीवर बेतलेली होती आणि तिचे उत्पादन 2002 मध्ये थांबले. लांब बॉनेट, रुंद अंग आणि मागच्या चाकांना मिळणारी ताकद यांमुळे आपल्याकडे तिला भारतीय मसल कार म्हणतात. अशी गाडी पाहायला गेलेले बहुतेक जण आधी बॉनेट उघडतात; माझा आग्रह मात्र आधी कागद, मग पत्रा आणि इंजिन सर्वांत शेवटी, असा आहे. इंजिन उतरवून पुन्हा बांधता येते, पण तळाचा सडलेला पत्रा आणि आरसी बुकाशी न जुळणारा चेसिस नंबर कोणत्याही मिस्त्रीच्या हाती राहत नाही.

आरसी बुकातील चेसिस नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरील आकड्यांशी स्वतः ताडून पाहावेत. सुरुवातीच्या कॉन्टेसात 1489 सीसीचे इंजिन होते, पुढे कॉन्टेसा क्लासिकमध्ये इसुझूचे 1817 सीसीचे इंजिन आणि पाच गिअर आले, आणि नंतर अनेक मालकांनी परस्पर डिझेल इंजिन बसवून घेतले. हा बदल आरसीवर चढलेला नसेल तर व्यवहार तिथेच थांबवावा. नोंदणीचे पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते, म्हणून ती कधीपासून खंडित आहे हे विचारावे. मूळ मालक हयात नसल्यास वारसाने आधी आरटीओचा नमुना 31 भरून गाडी स्वतःच्या नावावर करून घ्यावी आणि मगच आपल्याबरोबर मालकी बदलाच्या नमुना 29 व 30 वर सही करावी. जुन्या कर्जाचा बोजा आरसीवर तसाच राहिलेला असेल, तर बँकेचे ना-हरकत पत्र आणि बोजा उतरवण्याचा नमुना 35 हाती येईपर्यंत बयाणा देऊ नये. व्हिंटेज नोंदणीच्या आशेवर कोणी किंमत वाढवून सांगत असेल, तर ती सोय पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी आहे आणि पहिली कॉन्टेसासुद्धा 2034 पूर्वी त्या वयाची होणार नाही, हे लक्षात ठेवावे.

पत्र्याची तपासणी दिवसाउजेडी आणि कोरड्या गाडीवर करावी. कॉन्टेसाला वेगळी चेसिस नाही, तिचे अंग हाच तिचा सांगाडा आहे. त्यामुळे दारांखालचा उंबरा, चाकांवरच्या कमानी, पुढच्या काचेची चौकट आणि डिकीतील स्टेपनीखालचा खड्डा या जागा नीट पाहाव्यात. लहानसे चुंबक पातळ कापडात गुंडाळून दारांच्या खालच्या कडेवरून फिरवावे. ते जिथे पकड सोडते तिथे रंगाखाली पुट्टी भरलेली असते. बोटाच्या पेराने टिचकी मारली की चांगला पत्रा खणकन वाजतो आणि पुट्टीचा भाग बद्द वाजतो. पायाखालची मॅट उचलून तळ अंगठ्याने दाबावा आणि तो दबला तर मन घट्ट करून परत फिरावे.

आपल्या शहरात आणखी एक तपासणी टाळता येत नाही. विश्वामित्री नदीचे पाणी 2019 च्या जुलैअखेरीस आणि पुन्हा 2024 च्या ऑगस्टमध्ये वस्त्यांत शिरले होते, आणि बंद गाडी कोणी हलवत नाही. धुऊन पुसून चकचकीत केलेल्या एका कॉन्टेसाची मागची सीट मी उचलली, तेव्हा स्प्रिंगांच्या खाली वाळलेला राखाडी गाळ पापड्यांसारखा सुटून आला. वरचे कव्हर मात्र नवे होते. गुंडाळला जाणारा सीट बेल्ट असेल तर तो शेवटपर्यंत ओढून पाहावा, कारण एरवी आत राहणाऱ्या भागावर पुराची तपकिरी रेघ तशीच राहते. डॅशबोर्डखाली टॉर्च धरून वायरिंगच्या जोडांवर हिरवट गंज आहे का आणि उंदरांनी वेष्टण कुरतडले आहे का, तेही पाहावे.

आता इंजिन. मालकाने कितीही आग्रह केला तरी लगेच सेल्फ मारू देऊ नये, कारण कोरड्या सिलिंडरमध्ये पिस्टनच्या रिंगा चिकटलेल्या असतील तर त्या एका झटक्यात मोडतात. डिपस्टिकवरचे ऑइल दुधाळ दिसले तर त्यात पाणी मिसळले आहे. पेट्रोल गाडीचे प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन चमचे इंजिन ऑइल सोडावे, ते रात्रभर मुरू द्यावे, आणि दुसऱ्या दिवशी गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून हाताने फिरवावे. इंजिन सलग फिरले तर नवे ऑइल आणि स्वतः नेलेली बॅटरी वापरून, टाकीतले वार्निशसारखा वास येणारे जुने पेट्रोल न घेता, वेगळ्या कॅनमधून ताजे पेट्रोल द्यावे. ते फिरले नाही तरी निराश होऊ नये. इंजिन बांधण्याचा खर्च किमतीतून वजा करून बोलावे.

ब्रेकबाबत तपासण्यासारखे फार नसते; मास्टर सिलिंडर, व्हील सिलिंडर आणि रबरी नळ्या बदलायच्याच, असे धरून चालावे. टायरच्या बाजूवर चार आकडी कोड असेल तर त्यातले पहिले दोन आकडे आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात; नक्षी शाबूत असली तरी दहा वर्षांपूर्वीच्या टायरवर गाडी रस्त्यावर आणू नये. सौदा ठरल्यावर दोर बांधून ओढत नेण्याऐवजी तिला सपाट पाट्याच्या टोइंग ट्रकवर चढवूनच घरी आणावे.