झाकणावरची ती एक पाकळी
जपानी स्टाईलचा लाकडी डबा रंगवताना माझं गाडं नेहमी शेवटच्या टचअपला अडतं. झाकणावरच्या साकुराच्या (चेरीच्या फुलाच्या) एका पाकळीची कड जरा जाड वाटली म्हणून परत ब्रश लावला, खालचं अ‍ॅक्रिलिक अर्धवटच सुकलेलं, ते उचललं गेलं आणि पाकळीचा पार चिखल. आता डबा हातभर लांब धरते, तिथून जे दिसत नाही त्याला हातच लावायचा नाही, जे दिसतं ते रात्रभर सुकू देऊन ८०० नंबरच्या वॉटर पेपरने हलकं घासून मगच रंगवायचं. आणि मुंबईत जुलैमध्ये स्प्रे लॅकर (रंगावर शेवटी मारायचा पारदर्शक थर) नकोच, दमट हवेने पांढुरकं धुकं धरतं (गंमत म्हणजे खऱ्या उरुशीला, म्हणजे झाडाच्या चिकापासूनच्या जपानी लाखेला, घट्ट व्हायला दमटपणाच लागतो!). झाकण दोन दिवस उघडंच ठेवा, नाहीतर चिकटून बसतं.