पोराला थंडीताप आला तर काय करायचं, आणि तो ताप येतो कशानं

गेल्या पावसाळ्यात आमच्या ६ वर्षांच्या पोरीला मलेरिया झाला, तेव्हा माझ्याकडनं जी चूक झाली ती दुसऱ्या कुठल्या आईकडनं होऊ नये म्हणून लिहितेय. सोमवारी दुपारी चारला शाळेतनं आली आणि दप्तर पण न काढता गोधडीत शिरली, दात कडाकडा वाजत होते, वर अजून एक गोधडी टाकली तरी "आई थंडी वाजतीय" चालूच, तासाभरात अंग तव्यासारखं आणि रात्री घामानं गादी ओली. जवळच्या दवाखान्यात इंजेक्शन दिलं, ताप उतरला, मंगळवारी पोरगी अंगणात खेळाय लागली, मला वाटलं झालं बरं, तीच चूक. बुधवारी बरोब्बर चारला परत तेच.

आत काय होतं ते नंतर समजलं. डासातनं आलेला जंतू आधी लिव्हरमध्ये गप वाढतो, साधारण १० ते १५ दिवस पोराला काहीच कळत नाही. मग तो तांबड्या पेशींत शिरतो आणि त्या पेशी एकदम फुटतात, व्हायवॅक्स जातीच्या मलेरियात साधारण दर ४८ तासांनी. फुटल्यावर रक्तात जो कचरा पडतो त्यावर पांढऱ्या पेशी तुटून पडतात आणि टीएनएफ, इंटरल्युकिन असली रसायनं सोडतात, ती मेंदूला सांगतात शरीर तापव. म्हणजे ताप हा शरीराचा लढा आहे, इंजेक्शननं ताप उतरला तरी जंतू जाग्यावरच असतो. आणि सुरुवातीला ताप रोजही येतो बरं का, एकाआड येतोय का याची वाट बघत बसू नका.

तर थंडी भरली की पांघरूण द्या, तेव्हा गार पट्ट्या नकोत, कुडकुड अजून वाढते. अंग तापलं की पांघरूण काढा, पॅरासिटामॉल वजनावर द्या, एका वेळी किलोमागं १५ मिलिग्रॅमच्या वर नाही आणि दोन डोसांत ६ तास हवेत. अ‍ॅस्पिरिन पोरांना कधीच नको, डेंग्यू नाही हे कळेपर्यंत आयबुप्रोफेन पण नको. पेज, सरबत थोडं थोडं चालू ठेवा कारण मलेरियात लहान पोरांची साखर पटकन उतरते.

आणि पहिल्याच दिवशी रक्त तपासा! कोल्हापुरात सीपीआर या सरकारी दवाखान्यात किंवा कुठल्याही सरकारी आरोग्य केंद्रात रक्ताची काचपट्टी फुकट बघतात, आशाताईला सांगितलं तरी सोय होते. एकदा निगेटिव्ह आली आणि ताप परत चढला तर परत तपासायचं. रिपोर्टमध्ये प्लेटलेट कमी आणि सीआरपी (अंगातला दाह दाखवणारा आकडा) वाढलेला दिसेल, दोन्ही मलेरियात होतं, लगेच पपईच्या पानांच्या मागं लागू नका. पोटात डावीकडं पाणथरी (प्लीहा) पण सुजते, फुटक्या पेशी तीच गाळते ना, म्हणून बरं वाटलं तरी लगेच दंगामस्ती, पोटावर मार नको.

पांढऱ्या पेशींच्या त्या रसायनांनी अंगात होणारा दाह जास्त झाला तर स्टेरॉइड देऊन दाबूया असं वाटू शकतं. मेंदूच्या मलेरियात तो प्रयोग झालाय, १९८२ साली थायलंडमधल्या अभ्यासात डेक्सामेथासोन दिलेले पेशंट उलट जास्त वेळ बेशुद्ध राहिले. म्हणून ताप उतरवायचं कुठलंही इंजेक्शन देण्याआधी "यात काय आहे, स्टेरॉइड तर नाही ना" हे डॉक्टरांना सरळ विचारा, त्यात लाजायचं काही नाही.

झटका आला, पोरगं हाक मारली तरी उठेना, पाणी पण पोटात ठरेना, धाप लागली, तळहात पांढरे पडले, लघवी काळपट झाली, यातलं एक जरी दिसलं तरी घरी थांबू नका, रात्र असली तरी मोठ्या दवाखान्यात न्या. फाल्सिपॅरम, म्हणजे मलेरियाची जास्त घातक जात असेल तर तासातासाला फरक पडतो, त्यातल्या पेशी बारक्या रक्तवाहिन्यांना चिकटून बसतात.

आमचा व्हायवॅक्स निघाला. क्लोरोक्विन ३ दिवस, कडूजहर, मी गोळी चुरून काकवीत कालवून दिली तेव्हा गिळली. त्यानंतर प्रायमाक्विन १४ दिवस, लिव्हरमध्ये झोपलेल्या जंतूंसाठी, नाहीतर काही महिन्यांनी तोच मलेरिया परत उठतो. ती सुरू करायच्या आधी जी६पीडी (तांबड्या पेशी जपणारं एन्झाइम) तपासणीचं डॉक्टरांना विचारा, वर्षाच्या आतल्या बाळाला ती देत नाहीत. पाचव्या दिवशी पोरगी एकदम ठणठणीत दिसते आणि गोळी राहून जाते, म्हणून मी कॅलेंडरवर रोज तिच्याकडनंच फुली मारून घेतली.

सासूबाई म्हणाल्या एकदा झाला म्हणजे आता अंगात ताकद आली, परत होणार नाही. तसं नाही. हा जंतू आपला चेहरा बदलत राहतो, आफ्रिकेत पोरांना वरचेवर मलेरिया होऊन कुठं थोडं संरक्षण मिळतं, ते पण अर्धंमुर्धं. आपल्याकडं तेवढंही नसतं. म्हणून डास होऊ नयेत यासाठी आता आमच्या मागच्या अंगणातलं पाण्याचं बॅरल दर रविवारी रिकामं करून, घासून, उन्हात पालथं पडलेलं असतं.